नवी काढा हो, पण जुनी पुसू नका! रेकॉर्ड कंपन्यांना ठाण्यातून खुलं पत्र

प्रति,
जुन्या अल्बमच्या वाढदिवसाच्या आवृत्त्या काढणारी समस्त मंडळी,
रेकॉर्ड कंपन्यांचे कॅटलॉग विभाग (लंडन, लॉस एंजेलिस आणि अंधेरीत असेल ते ऑफिस)

विषय: रिमास्टर, रिमिक्स आणि मूळ आवृत्ती गायब होण्याबाबत

नमस्कार मंडळी,

पत्र मराठीत लिहितोय कारण मला इंग्लिशमध्ये नीट रागावता येत नाही. तुमच्या ऑफिसात डोंबिवलीवरून लटकत येणारा कोणीतरी असेलच, तो दाखवेल वाचून.

झालं असं की मी रोज ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला कामाला जातो, साधारण अर्धा तास, म्हणजे चाळीस मिनिटांच्या अल्बमचं शेवटचं गाणं बरोबर ऑफिसच्या लिफ्टमध्ये येतं, हे माझं वर्षानुवर्षांचं टायमिंग आहे. गेल्या महिन्यात गाडीत चक्क बसायला मिळालं, खुश होऊन एक जुना अल्बम लावला (कुठला ते सांगत नाही, कंपनीचंही नाव घेत नाही, हे एकट्या कोणाचं नाहीच आहे) आणि रबाळे येईपर्यंत माझं डोकं सटकलं. ड्रम पुढे आलेले, गिटार कुठेतरी भिंतीआड, आणि सगळं कसं एकसारखं मोठ्ठं. ॲपमध्ये बघतो तर मी सेव्ह केलेली गाणी राखाडी, दाबली तरी वाजेनात, आणि त्यांच्या जागी तोच अल्बम, तेच कव्हर, पुढे कंसात वर्धापन वर्ष आणि 'डिलक्स'. मला कोणी विचारलं होतं का? घरच्या माठाच्या जागी कोणीतरी गुपचूप वॉटर प्युरिफायर बसवून गेलंय असं वाटलं. पाणी स्वच्छ असेल हो, पण माठ कुठंय माझा?

मी रिइश्यूच्या विरोधात नाहीये. उलट मी तुमचं पक्कं गिऱ्हाईक आहे, बायकोला विचारा. माझी तक्रार एवढीच की तुम्ही जे काढता ते नेमकं काय आहे हे सरळ सांगत नाही, आणि नवं ठेवताना जुनं उचलून नेता.

आता निर्वाना या अमेरिकन रॉक बँडच्या 'इन युटेरो'चंच घ्या. माझा जीव त्या अल्बमवर आहे आणि त्याच्या इतक्या आवृत्त्या झाल्यात की हिशेब ठेवायला वही लागते. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या कॅनन फॉल्स गावच्या पॅकिडर्म स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनीने तो रेकॉर्ड केला, मिक्सिंग (वाद्यं आणि आवाज एकत्र बसवणं) धरून दोन आठवड्यांत. त्याआधी अल्बिनीने बँडला चार पानी पत्र लिहिलं होतं, त्यात त्याने स्वच्छ सांगितलं की मला रॉयल्टी नको, प्लंबरला देता तसे कामाचे पैसे द्या आणि विषय संपवा. एका अल्बमला आठवड्याहून जास्त लागत असेल तर कोणीतरी घोळ घालतंय, असंही त्याचं मत होतं. (आमच्या सोसायटीच्या प्लंबरला हे सांगितलं तर तो म्हणाला, मग माझा रेट जास्त आहे का कमी? मी म्हटलं, तुझा विषय वेगळा.) तो स्वतःला प्रोड्युसर म्हणवून घ्यायचा नाही, श्रेयनामावलीत सुद्धा नुसतं 'रेकॉर्डेड बाय'. खोलीत माइक मांडायचे, खोलीचा आवाज जसा आहे तसा टेपवर घ्यायचा. म्हणून त्या अल्बममध्ये डेव्ह ग्रोलचे ड्रम ऐकताना आपण त्या खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे आहोत असं वाटतं. सुरुवातीलाच काठ्यांची टकटक होते आणि मग तो वाकडातिकडा कॉर्ड येतो, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं कॅसेट अडकली.

मग काय झालं, कंपनीला हे आवडलं नाही अशा बातम्या छापून आल्या, बँडने त्या नाकारल्या, पण बँडलाही बेस आणि आवाज दबलेत असं वाटत होतंच, तेव्हा बॉब लडविगने मास्टरिंगमध्ये, म्हणजे शेवटचा हात फिरवताना, जमेल तेवढं सावरलं आणि 'हार्ट-शेप्ड बॉक्स' आणि 'ऑल अपॉलॉजीज' ही दोन गाणी आर.ई.एम. बँडचा प्रोड्युसर स्कॉट लिट याच्याकडून परत मिक्स करून घेतली. सप्टेंबर १९९३ मध्ये अल्बम आला. वॉलमार्ट आणि केमार्ट ही अमेरिकेतली मोठी दुकानं मागचं कव्हर बघून ठेवायला तयार होईनात, म्हणून १९९४ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती निघाली, मागचं चित्र बदललेलं, एका गाण्याचं नाव बदललेलं, आणि त्यात 'पेनीरॉयल टी'सुद्धा लिटच्या मिक्सचं. २०१३ मध्ये वीस वर्षं झाली म्हणून रिमास्टर, वर अल्बिनीनेच केलेलं अख्ख्या अल्बमचं नवं मिक्स, शिवाय त्या दोन गाण्यांची अल्बिनीची मूळ मिक्सेस. ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस वर्षं झाली म्हणून परत रिमास्टर, या वेळी बॉब वेस्टनचं, जो १९९३ मध्ये त्या स्टुडिओत अल्बिनीच्या हाताखाली होता. या आवृत्तीच्या मोठ्या खोक्यात एकूण ७२ ट्रॅक, पाच सीडी किंवा आठ एलपी, दोन अख्ख्या कॉन्सर्ट.

आता मला सांगा, एखाद्या पोराने आज फोनवर नुसतं 'इन युटेरो' टाइप केलं तर यातलं नक्की काय ऐकलं हे त्याला कळणार कसं?

आमच्याकडे पुस्तकात एक पान असतं. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालचं, म्हणजे 'इन युटेरो'च्या बरोब्बर शंभर वर्षं आधीचं, तिथे कुठलंही पुस्तक उघडा, शीर्षकाच्या मागच्या पानावर सगळं लिहिलेलं सापडेल. पहिली आवृत्ती अमुक साल, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण, महिन्यासकट. मुद्रक कोण, मुखपृष्ठ कोणाचं, अगदी अक्षरजुळणी कोणी केली तेही. पुनर्मुद्रण म्हणजे जसंच्या तसं आणि सुधारित आवृत्ती म्हणजे आत हात फिरवलाय, हा फरक आमच्या शाळेतल्या लायब्ररीच्या शिपाईमामांना पण माहिती होता. गडकरी रंगायतनला जुनं नाटक परत लागलं की जाहिरातीत 'नव्या संचात' असं ठसठशीत छापतात, म्हणजे ज्याला जुनाच संच डोळ्यांपुढे ठेवायचाय तो आपला तलावपाळीला भेळ खाऊन घरी जातो, फसवणूक नाही. तुमच्याकडे करोडोंचा धंदा आणि एक आवृत्तीचं पान देता येत नाही? मिक्स कोणाचं, मास्टर कोणाचं, कुठल्या साली, कुठल्या टेपवरून. चार ओळी. ७२ ट्रॅक बसतात, चार ओळी बसत नाहीत?

वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा घोळ माहिती नाही त्यांच्यासाठी: मिक्स म्हणजे स्वयंपाक, ड्रम किती, गिटार किती, आवाज किती हे तिथे ठरतं. मास्टरिंग म्हणजे झालेला स्वयंपाक ताटात वाढणं. रिमास्टर म्हणजे तीच भाजी नव्या ताटात, रिमिक्स म्हणजे त्याच भाज्या चिरून परत फोडणी. दोन्ही चालतं, पण कुठलं काय ते सांगा ना.

रिमिक्स म्हटलं की लगेच नाक मुरडणाऱ्यातला पण मी नाही. पर्ल जॅमच्या 'टेन'चं १९९१ चं मिक्स टिम पामरचं, त्यात घुमारा फार आहे असं बँडलाच वाटायचं, मग २००९ मध्ये ब्रेंडन ओब्रायनने नवं मिक्स केलं. पण कंपनीने काय केलं, मूळ मिक्स आणि नवं मिक्स दोन्ही एकाच पाकिटात दिली, कुठलं कुठलं ते लिहून. मला अजून पामरवालंच आवडतं, तो घुमारा म्हणजेच माझ्यासाठी 'टेन', पण तो माझा प्रश्न झाला. आणि रिप्लेसमेंट्सचा 'टिम'! १९८५ चा अल्बम, रमोन्स बँडच्या टॉमीने प्रोड्यूस केलेला, गाणी एक नंबर पण आवाज असा की बँड शेजारच्या बिल्डिंगमध्ये वाजवतोय. २०२३ मध्ये एड स्टेशियमने नवं मिक्स केलं आणि अहो, मी रात्री दीड वाजता हेडफोन लावून उभाच राहिलो, अडतीस वर्षं ही माणसं बंद दाराआड होती आणि कोणीतरी कडी काढली. त्या खोक्यातही जुनं मिक्स आहेच, बाजूला, गुपचूप पळवून नेलेलं नाही. जमतं की तुम्हाला! मग बाकीच्या वेळी काय होतं?

आता आवाजाचं बोलतो. नव्वदीच्या उत्तरार्धात तुम्ही लोकांनी जी लाउडनेसची शर्यत लावलीत ती रिमास्टरमध्येही आणलीत. करता काय, लिमिटर (आवाज ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारं साधन) लावून वरची टोकं छाटायची आणि मग अख्खं गाणं वर उचलायचं. पहिली दहा सेकंदं भारी वाटतं. मग कान दुखतात आणि का दुखतात ते कळत नाही. आमच्याकडे पाडव्याच्या स्वागतयात्रेत ढोलपथकं असतात, त्यातल्या कुठल्याही पोरीला विचारा, प्रत्येक टोल सारख्याच जोरात पडला तर ते वाजवणं नाही, ते कुटणं. हलका हात आहे म्हणून जोराचा हात कळतो. निर्वानाची तर सगळी गंमतच ती, कडवं हळू आणि मग धाडकन. 'नेव्हरमाइंड'ची २०११ ची वीस वर्षांची आवृत्ती माझ्याकडे आहे, आतला मालमसाला छान, प्रोड्युसर बुच विगची मूळ मिक्सेस, स्मार्ट स्टुडिओतली रेकॉर्डिंग्ज, पण मुख्य अल्बमचं रिमास्टर इतकं चढवलंय की ते 'धाडकन' येईपर्यंत धडकायला काही उरतच नाही. १९९१ ची साधी सीडी लावा शेजारी, आवाजाचं बटण थोडं वर करा, आणि बघा. आणि विनोद असा की आता या चढवण्याचा उपयोगही नाही, कारण ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज आपणहून एका पातळीवर आणतात, स्पॉटिफायचं तर ते साधारण उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप) ठरलेलं आहे. म्हणजे तुम्ही छाटून उचलायचं आणि त्यांनी परत खाली ठेवायचं. राहिलं काय, नुसतं छाटलेलं.

'इन युटेरो'चं २०२३ चं रिमास्टर मात्र बऱ्यापैकी सभ्य आहे, वेस्टन त्या खोलीतला माणूस, त्याने खोली मोडली नाही.

थोडं शांततेबद्दल. हो, शांततेबद्दल. 'नेव्हरमाइंड'च्या सीडीवर शेवटचं गाणं संपलं की दहाएक मिनिटं काही नाही आणि मग अचानक 'एंडलेस, नेमलेस' अंगावर यायचं. आता ॲपवर ते तेरावं गाणं आहे, नाव लिहिलेलं, वेळ लिहिलेली, कुठलं काय अंगावर येतंय. 'इन युटेरो'च्या अमेरिकेबाहेर विकलेल्या सीडीवर तर जवळजवळ वीस मिनिटं शांतता आणि मग ब्राझीलमध्ये, रिओत रेकॉर्ड केलेलं एक भरकटलेलं गाणं. अमेरिकेतल्या लोकांना नव्हतं ते, बाहेरच्यांना. आयुष्यात एकदा आपल्याला काहीतरी जास्त मिळालं होतं.

आणि मला ते मिळालंच नाही. हे सांगायलाच हवं, कारण इथे मीही तुमच्याच रांगेत उभा आहे.

१९९६ ची गोष्ट. आम्ही नौपाड्यात राहायचो आणि माझा आत्येभाऊ वाशीला. तेव्हा ठाणे-वाशी लोकल नव्हती, ती २००४ मध्ये आली, तो बसने ठाणे-बेलापूर रोडची धूळ खात यायचा. एकदा त्याने मित्राच्या भावाने दुबईहून आणलेली 'इन युटेरो'ची सीडी आणली, एका दिवसाच्या बोलीवर. आमच्याकडे नुकताच सीडीवाला टू-इन-वन आलेला. सव्वाशे रुपयांची कंपनीची कॅसेट परवडायची नाही, आम्ही कॅसेट भरून घेणारी माणसं, पण त्या दिवशी घरात कोरी कॅसेट नव्हती. माझ्या दादाने कपाट उघडलं, बाबांच्या कॅसेटींमधली एक नव्वदची काढली. त्या कॅसेटच्या डोक्यावरची ती दोन चिमुकली झाकणं बाबांनी तोडून टाकलेली, म्हणजे कोणी वर भरू नये म्हणून. दादाने त्या खाचांवर सेलोटेप लावला. रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं.

बाबांनी त्यावर आकाशवाणीवरून भीमसेन जोशींचे अभंग भरून ठेवलेले होते, कुठल्यातरी रात्रीच्या कार्यक्रमाचे, रेडिओ खिडकीत ठेवून, एरियल हाताने धरून. पंचेचाळीस मिनिटांची बाजू. 'इन युटेरो' एक्केचाळीस मिनिटांचा. 'ऑल अपॉलॉजीज' संपलं, शांतता झाली, दादाला वाटलं अल्बम संपला, त्याने स्टॉप दाबलं. वीस मिनिटं थांबला असता तर रिओवालं गाणं कळलं असतं (भरायला टेप उरली नसती, पण कळलं तरी असतं). मला ते गाणं आहे हेच २००५ च्या आसपास समजलं. तोपर्यंत माझ्या 'इन युटेरो'त शेवटची गिटार विरली की खट्ट आवाज यायचा आणि मधूनच भीमसेन सुरू व्हायचे, तान अर्ध्यावरून, टाळ, लोकांच्या टाळ्या, आणि चार मिनिटांत बाजू संपायची. मला अजूनही ॲपवर तो अल्बम संपला की टाळांची वाट बघायची सवय आहे.

बाबा त्या दिवशी काही बोलले नाहीत. कॅसेट हातात घेतली, सेलोटेपवरून अंगठा फिरवला आणि कपाटात परत ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते रेकॉर्डिंग नंतर आम्ही खूप शोधलं, ओळखीपाळखीत विचारलं, नाही मिळालं.

तेव्हा मंडळी, मूळ पुसणं म्हणजे काय हे मला फार आतून माहिती आहे. २००८ च्या जूनमध्ये हॉलिवूडला युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली, मास्टर टेप जळाल्या, आणि नक्की काय काय गेलं याची चर्चा जगात सुरू झाली २०१९ मध्ये, वर्तमानपत्रात छापून आल्यावर. आग लागू शकते, मान्य. पण जे जळलेलं नाही, जे तुमच्या सर्व्हरवर व्यवस्थित आहे, ते निव्वळ दोन नोंदी दिसायला नकोत म्हणून राखाडी करायचं, हा सेलोटेपच झाला.

पुढची लाट येतेच आहे. १९९१ च्या अल्बमांना २०२६ मध्ये पस्तीस वर्षं, 'नेव्हरमाइंड' आहे, 'टेन' आहे, माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा 'लव्हलेस' आहे, तुमच्या मीटिंगा होणारच आणि खोकी ठरणारच. काढा. डेमो द्या, कॉन्सर्ट द्या, तिकिटांच्या नकला आणि पोस्टर द्या, माझ्यासारखे येडे घेतील. 'इन युटेरो'त 'रेडिओ फ्रेंडली युनिट शिफ्टर' (रेडिओवर चालणारा, खपणारा माल) नावाचं गाणं आहे, ते नावच तुमच्या धंद्यातलं आहे, आणि ते गाणंसुद्धा तुम्ही तीन वेगवेगळ्या खोक्यांत घालून विकू शकता, मला काही वाटणार नाही. फक्त त्या खोक्याच्या शेजारी मूळ अल्बम तसाच ठेवा, १९९१ च्या मास्टरचा, त्या सालाच्या पाटीसकट, शांततेसकट. आणि एक साधी, एका सीडीची, किंवा एका एलपीची आवृत्ती इथे मिळेल अशी काढा हो. आठ एलपीचं खोकं बाहेरून मागवायचं, त्यावर कस्टम, त्यावर कुरियर, आणि घरी आल्यावर कोपरा चेपलेला, यात पगाराचा जो लचका जातो त्यात आमच्याकडे घराला रंग होतो. डी. वाय. पाटील स्टेडियमला लोक यूटूला आले, कोल्डप्लेला तर तीन दिवस नेरूळ स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती, तेव्हा इथे गिऱ्हाईक नाही हे मला सांगू नका.

उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल. पान तेवढं छापा.

आपला,
मूळचा नौपाड्याचा, आता घोडबंदर रोडला राहणारा,
एक गिऱ्हाईक

ता. क. ती कॅसेट अजून आहे. टू-इन-वनचा पट्टा गेला होता, गोखले रोडजवळ एक काका अजून असली कामं करतात, त्यांनी बसवून दिला. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, महिन्यातून एखादा रविवार म्हणतात, लाव रे ती. मी पहिल्या वेळी फॉरवर्ड करायला गेलो तर हात धरला माझा, म्हणाले जुनी टेप आहे, तुटेल, वाजू दे. म्हणून आई आत दार लावून बसते आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून आख्खा 'इन युटेरो' ऐकतात, एक्केचाळीस मिनिटं, शेवटच्या चारांसाठी. परवा मधेच डोळे न उघडता म्हणाले, हा ड्रमवाला बरा आहे.